कार्डाची मागची बाजू

९ जानेवारी

बेबी,

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, आमच्या साहेबांनी दिलं.

काल सकाळी साडेदहाला मी डाळीच्या पातेल्यावरचा फेस काढत होते. तेवढ्यात रुग्णालयाचे नवे अधीक्षक स्वयंपाकघरात आले. त्यांना इथे येऊन चार महिने झाले, आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. हातात पुस्तक होतं. म्हणाले, "बाई, हे वाचा. तुम्ही करता ते बरंचसं यातलंच दिसतंय. चांगली कॉपी केलीय हो तुम्ही." आणि हे कौतुकाने बरं का! माझ्या हाताखालच्या सहाही बायका काम सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं, आणि चोरी माझी नव्हतीच.

'एकतीस दिवस, एकतीस ताटं: शाकाहाराची श्रीमंती.' वर तुझा फोटो, हातात पालकाची जुडी. जुडी उलटी धरलीयस, पण ते जाऊ दे.

फोन केला तर तू रडतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. पत्र रडून ठेवता येत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी इथे लागले तेव्हा या स्वयंपाकघरात हाडांचं पाणी आणि उकडलेला बटाटा, एवढ्यावर कारभार होता. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, "पाल्याने जखमा भरत नाहीत, बाई." मी म्हटलं, एक वॉर्ड द्या, एक महिना द्या. एकतीस दिवस एक पदार्थ दुसऱ्यांदा केला नाही. मिरवायला नाही गं. पडून राहिलेल्या माणसाची जीभ मरते. तेच तेच ताट दिसलं की तो भिंतीकडे तोंड करतो. नऊ प्रकारच्या डाळी आणि कडधान्यं, भोपळा, अळंबी, तीळ, दाणे, जव, नाचणी. पालेभाजीवर लिंबू, कारण लिंबू असलं की तिच्यातलं लोह अंगी लागतं. दुपारी दही. महिना संपला तेव्हा त्या वॉर्डातली ताटं चाटूनपुसून परत यायला लागली. बद्धकोष्ठाच्या गोळ्या निम्म्यावर आल्या. आणि ते मोठे डॉक्टर स्वतःचा डबा बंद करून माझ्याकडे जेवायला लागले. तेव्हापासून अख्खं रुग्णालय शाकाहारी आहे. एकेका पदार्थाचं एकेक कार्ड, शंभर माणसांच्या मापाचं, एकतीस खिळ्यांवर टांगलेलं.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन इथेच झालं. मास्तर चाळीस दिवस पडून होते. त्यांचा ट्रे मी वेगळा करायची. आधी गाळलेलं, मग पातळ, मग हळूहळू घट्ट. तू माझ्या खोलीत राहात होतीस. मला वाटायचं, बिचारी स्वयंपाकघरात जीव रमवायला येते. तू भिंतीचे फोटो काढत होतीस.

आणि प्रस्तावनेत काय लिहिलंयस? "माझ्या पतीला मी माझ्या हातांनी, याच आहारावर, पुन्हा उभं केलं." बेबी, चाळीस दिवसांत तू एक भोपळा सोलला नाहीस!

एकशे साठ पानं मी दोनदा वाचली. माझं नाव कुठे आहे?

ताई


१६ जानेवारी

माझी लाडकी ताई,

अगं, किती गं चिडतेस! तुला प्रसिद्धीचं वावडं, हे मला माहीत नाही का? सत्कार म्हटलं की तू मागच्या दाराने पळतेस. म्हणून नाव घातलं नाही. हेसुद्धा विचारत होते, "ताईंचं नाव राहिलं का?" मी म्हटलं, ताईनेच नको म्हणून सांगितलं. खोटं कुठे होतं? तुला विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस. आणि भाजीपाल्यावर कुणाची मालकी असते का गं? मी फक्त जगासमोर नेलं. भिंतीवर टांगून कुणाला उपयोग होता?

आता आनंदाची बातमी ऐक, म्हणजे राग पळेल. तुमच्या अधीक्षकांनी पुस्तक वाचून मला पत्र पाठवलं. तू मार्चअखेर निवृत्त होतेस ना, त्यानंतर स्वयंपाकघर एका कंपनीला चालवायला देणार आहेत, माझ्या पुस्तकाप्रमाणे, आणि आहार सल्लागार म्हणून मी! म्हणजे तुझंच काम पुढे चालणार. मी तर नाचलेच. तुझ्या त्या सहा बायकांचं बघू काहीतरी. कंपनी आपली माणसं आणते म्हणतात.

वीस फेब्रुवारीला विश्वस्तांचं जेवण आहे. तेव्हा पक्कं होईल. जेवण पुस्तकाप्रमाणेच, आणि करणार अर्थात तू.

एक छोटीशी मदत कर ना. पुस्तकात खरं तर तीसच ताटं आहेत. एकतिसाव्या कार्डाचा फोटो हलला होता, म्हणून मी तिथे फळांचं ताट दाखवून वेळ मारून नेली. ते लाल राजम्याच्या सूपचं कार्ड. हे अजून त्याची आठवण काढतात. मला ते वीस तारखेला मुख्य पदार्थ म्हणून हवंय, आणि त्यानंतर दुसऱ्या आवृत्तीत. तुझा फोन साधा, फोटो येणार नाही. हाताने उतरवून पाठव ना.

आणि अजून एक. वाचकांची तक्रार येतेय की नवव्या दिवसाच्या चण्याच्या टिक्क्या तव्यावर फुटतात. असं का होतं?

तुझीच बेबी


२४ जानेवारी

प्रिय बेबी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी फार तापले होते. आठ दिवस जाऊ दिले. आता डोकं शांत आहे. तू म्हणतेस तेच खरं, भिंतीवर टांगून कुणाला उपयोग होता?

सोबत एकतिसावं कार्ड. खिळ्यावर टांगलेलं दिसतं तसं, जसंच्या तसं उतरवलंय:

"लाल राजम्याचं सूप. शंभर माणसं. राजमा आठ किलो, रात्रभर भिजवणे. कांदा चार किलो, गाजर तीन, टोमॅटो पाच, लसूण पाव किलो, मिरी चवीप्रमाणे. सगळं एकत्र करून मंद आचेवर सहा तास. दाणा अख्खा राहावा, बोटाने दाबता यावा. उतरवल्यावर लिंबू."

टिक्क्यांचं म्हणशील तर, हात हलका ठेव.

मास्तर येणार ना विसाला? त्यांना नक्की आण.

तुझी ताई


३१ जानेवारी

ताई गं!

मला माहीत होतं, तुझा राग म्हणजे दुधाचा ऊत. कार्ड मिळालं, छापायलाही दिलं. पाहुण्यांना प्रत्येकी एक सुंदर छापील कागद देणार आहे, कोपऱ्यात माझी सही. त्यामुळे एक विनंती. करताना कार्डाप्रमाणेच कर. एक अक्षर इकडचं तिकडे नको. कागदावर एक आणि वाटीत दुसरंच असं व्हायला नको, विश्वस्त बारीक नजरेचे आहेत म्हणे.

एकूण बारा माणसं. आठ विश्वस्त, अधीक्षक, त्यांच्या मिसेस, मी आणि हे. ह्यांना प्रवास झेपेल की नाही असं वाटत होतं. पोट अजून नाजूकच आहे, बाहेरचं पाणीसुद्धा सोसत नाही. पण "ताईंच्या हातचं आहे ना, मग मी येणार" म्हणून हट्ट धरून बसलेत.

जेवताना तू बाहेर नाही आलीस तरी चालेल हं. आत तुझं राज्य, बाहेरचं मी सांभाळते. शेवटी मी तुला बोलवेन आणि सगळ्यांना सांगेन, "स्वयंपाक माझ्या ताईने केलाय." खूश?

टिक्क्या हात हलका ठेवूनही फुटतात.

बेबी


७ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

कार्डाप्रमाणेच करते. तुझा छापील कागद टपालाने आला, तो ओट्यासमोर चिकटवला आहे. राजमा भिजवून, सगळं एकत्र, मंद आच, सहा तास. एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. तुला शब्द देते.

टेबल मी लावते. तू मधोमध, मास्तर तुझ्या डाव्या हाताला. तुमची दोघांची ताटं मी स्वतः मांडून ठेवेन.

इथल्या बायकांना मी काही सांगितलेलं नाही. त्या मला विचारतात, "बाई, एप्रिलपासून आमचं काय?" मी म्हणते, वीस तारीख जाऊ दे.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

हा काय पोरकटपणा होता? तुझ्या वयाला शोभतं का हे?

मी बसते न बसते तोच ताटाखालून कार्डाचं टोक दिसलं. वाटलं, काहीतरी शुभेच्छा लिहून ठेवल्यात. ओढून बघते तर तेच कार्ड, उलटं, मागे लाल शाईत तुझं अक्षर: "सावधान. भिजवलेलं पाणी फेकून देणे. ताज्या पाण्यात आधी अर्धा तास खळखळून उकळणे, तेही पाणी फेकणे, मगच मंद आच. न उकळता मंद आचेवर ठेवला तर राजमा विषारी राहतो. तीन तासांच्या आत ओकाऱ्या, जुलाब. पोटाच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं." खाली पेन्सिलने: "बेबी, मी तुझ्या कागदाप्रमाणे केलंय. ताई."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. वाढून झालं होतं. साहेबांच्या मिसेसनी चमचा तोंडाला लावलासुद्धा होता. पण मी तुला लहानपणापासून ओळखते. ताबडतोब समजले की हे मला घाबरवायला आहे. मी उभी राहून आरडाओरडा करावा, बारा माणसांत माझी शोभा व्हावी, हेच तुला हवं होतं ना? मी ओरडले नाही. शांत बसले, हसतमुखाने बोलत राहिले. आणि काय झालं कुणाला? काही नाही! दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला, सगळे ठणठणीत, सगळे खूश. एक विश्वस्त तर म्हणाले की असं सूप जन्मात प्यायले नाहीत.

म्हणजे खोटारडी कोण ठरली, सांग.

मी साहेबांना होकार दिला आहे. तुझी रजा शिल्लक असेल तर ती घेऊन दहा मार्चलाच मोकळी हो, असं मीच सुचवलं. तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय ताई, विश्रांती घे.

हे परत आल्यापासून गप्प गप्प आहेत. प्रवासाने थकलेत. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

बेबी


१ मार्च

बेबी,

कुणाला काही झालं नाही, कारण तो राजमा मी पाऊण तास खळखळून उकळला होता. दोनदा पाणी फेकलं. मग मंद आचेवर ठेवला. माझ्या स्वयंपाकघरातून सत्तावीस वर्षांत कच्चा दाणा बाहेर गेलेला नाही, आणि तुझ्यापायी तर मुळीच जाणार नव्हता. तुला मी शब्द दिला होता, तो मोडला. तेवढं एक खोटं माझ्या पदरात, कबूल.

मागच्या बाजूला लिहिलेलं मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे. कोणत्याही डॉक्टरला विचार.

तू चाळीस दिवस भिंतीचे फोटो काढलेस, पण एकही कार्ड खिळ्यावरून उतरवलं नाहीस. समोरची बाजू येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला असते. कुठे चुकतं, कशाने बिघडतं, कुणाला बाधतं, ते मागे. जिला रांधायचं असतं ती कार्ड उतरवते आणि उलटते. माझ्या सहाही बायकांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवलं. तुझ्या टिक्क्या का फुटतात, तेही नवव्या कार्डाच्या मागेच आहे.

आता वीस तारखेचं ऐक. वाढायच्या खिडकीला जाळी आहे, ठाऊक आहे ना? मी जाळीमागे उभी होते. तू कार्ड ओढलंस, वाचलंस, पर्समध्ये घातलंस. तुझा रंग उडालेला इथून दिसला. मग तू वाटी हळूच पुढे सरकवलीस आणि तिच्यावर पावाचा तुकडा ठेवलास, झाकण ठेवावं तसा. शेजारी मास्तर. त्यांनी पहिली वाटी संपवली. दुसरी मागितली. दुसरी वाढताना आमची बाई तुमच्या दोघांच्या मधे वाकली होती, आणि तू त्या बाजूला पाठ फिरवून विश्वस्तांना भोपळ्याच्या बियांचे फायदे सांगत होतीस. ज्याला बाहेरचं पाणी सोसत नाही असा तुझा नवरा, बेबी! दोन वाट्या!

तू म्हणतेस, मी खोटं बोलतेय हे तू ताबडतोब ओळखलंस. बरं. मग तू का नाही खाल्लंस?

मी तुझ्यासाठी एक दार उघडं ठेवलं होतं. एकच वाक्य पुरलं असतं: "थांबा, खाऊ नका, हे माझं नाही, मला यातलं काही माहीत नाही." तेवढं बोलली असतीस तर मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं असतं की राजमा उकळलेला आहे, निश्चिंत खा. आणि एकतीसच्या एकतीस कार्डं मी तुझ्या ओटीत टाकली असती. नावासकट. खरंच. जाळीमागे उभी राहून मी मनातल्या मनात तुला ऊठ ऊठ म्हणत होते. तू नाही उठलीस.

आता मास्तरांचं. ते प्रवासाने थकलेले नाहीत. त्यांच्या ताटाखालीही तसंच कार्ड होतं, फक्त आत सरकवून, ताट उचलल्याशिवाय दिसणार नाही असं. जेवण झाल्यावर आपलं ताट आपण उचलायची त्यांची जुनी सवय, तुला ठाऊक आहे. ते कार्ड घेऊन ते सरळ माझ्याकडे आत आले. म्हणाले, "ताई, हे खरं का?" मी त्यांना पहिल्यांदा हेच सांगितलं की तुमचं सूप पूर्ण उकळलेलं आहे, जिवाला घोर लावून घेऊ नका. मग खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिच्या ताटाखालीही होतं का?"

मी म्हटलं, "तिलाच विचारा."

तर ते गप्प आहेत ते यासाठी. तू आपण होऊन सांगशील म्हणून वाट बघताहेत.

ताई


१० मार्च

ताई,

तुझं पत्र येण्याआधीच त्यांनी विचारलं होतं. रविवारी सकाळी, चहाच्या टेबलावर ते कार्ड ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्याही ताटाखाली होतं का?" मी म्हटलं, नाही. पटकन तोंडातून गेलं. मग ते म्हणाले, "तू सूप घेतलं नाहीस. का?" मी म्हटलं, भूक नव्हती. त्यांनी मान हलवली. कार्ड उचललं आणि खिशात ठेवलं. भांडले नाहीत.

पण ताई, त्या दिवसापासून हे माझ्या हातचं जेवताना थांबतात. ताट पुढे असतं, हात मांडीवर. मी पहिला घास घेते, चावते, गिळते, आणि मगच ते ताटाला हात लावतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. साधी केळी कापली तरी. परवा मुलगा आणि सून आले होते, त्यांच्यासमोरसुद्धा. सूनबाईने विचारलं, "बाबा, कशाला थांबलात?" तर म्हणाले, "सवय लागलीय." बत्तीस वर्षांच्या संसारात मी असं अपमानाचं जिणं जगले नव्हते. मला घास गिळवत नाही गं.

मी साहेबांना पत्र लिहिलंय. सगळं कबूल केलंय, कार्डं तुझी, पदार्थ तुझे, पुस्तक तुझं. सल्लागारपद सोडलं. पुस्तकांचे उरलेले गठ्ठेही प्रकाशकाकडून परत मागवलेत, माझं हसं झालंय ते झालंय. आणखी काय करू? सांगशील ते करते.

फक्त एक कर. ह्यांना लिही की माझ्या ताटाखाली कार्ड नव्हतं. एकच ठेवलं होतं, मास्तरांच्या ताटाखाली. एवढंच लिही. तुझ्यावर त्यांचा फार विश्वास आहे. तू लिहिलंस तर ते मानतील. तुझ्या पाया पडते ताई. आपल्या आईने मला तुझ्या मांडीवर दिलं होतं ना? तेव्हा तू सात वर्षांची होतीस.

बेबी


१६ मार्च

बेबी,

हो, मी सात वर्षांची होते. तुला पहिला घास मीच भरवला होता. मऊ भात, फुंकर घालून, आधी माझ्या जिभेला लावून बघितलेला. त्याची तू आठवण करून दिलीस ते बरं झालं, माझ्या मनातली उरलीसुरली दया त्याने आटली.

तू सुचवलेली रजा मी घेतली नाही. साहेब परवा आत आले होते. तुझं पत्र हातात. म्हणाले, "बाई, मी तुम्हाला काय बोललो होतो ते विसरा." मी म्हटलं, विसरणार नाही, पण कंपनीचं तेवढं रद्द करा. झालं. माझ्या हाताखालची सगळ्यांत जुनी बाई एप्रिलपासून स्वयंपाकघर बघेल, बाकी पाच जणी आहेत तिथेच राहतील. कार्डं खिळ्यांवरच राहणार आहेत, आता खाली माझं नाव घालून. आज दुपारी सगळ्या मिळून रडल्या, त्या नादात भोपळा करपला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोबत एकतीस कार्डांच्या मागच्या बाजू उतरवून पाठवतेय. गठ्ठे मागवलेस तरी काही प्रती लोकांच्या घरी आहेत. त्यांना छापून पाठव, आणि राजम्याचा कागद घरी नेलेल्या पाहुण्यांनाही, आजच्या आज. सूड तुझ्यावर होता, तुझ्या वाचकांवर नाही. नववं कार्ड बघ. चणे वाटल्यावर तासभर झाकून ठेवायचे, नाहीतर टिक्की फुटते.

राहिलं तुझं मागणं. ते उशिरा आलं. मास्तरांचं पत्र त्याच्या दोन दिवस आधी पोचलं होतं. एका ओळीचं: "ताई, कार्डं किती होती?"

मी त्यांना तशाच एका ओळीत उत्तर पाठवलं: "दोन."

मला वाईट वाटत असेल असं समजू नकोस. रात्री गाढ झोप लागते. तू माझं नाव घेतलंस, माझी भिंत घेतलीस, माझ्या बायकांच्या पोटावर पाय द्यायला निघालीस, आणि ज्या माणसाला मी चाळीस दिवस चमच्याचमच्याने भरवून उभं केलं, त्याला दोन वाट्यांत गमवायची तुझी तयारी होती. मी तुझं काही घेतलं नाही. तुझंच तुला दाखवलं.

मास्तरांना राजमा फार आवडतो. एकतिसावं कार्ड दोन्ही बाजूंनी लिहून पाठवलंय. शंभराचं माप आहे, दोघांपुरतं काढायला जमेल तुला. पाणी फेक, अर्धा तास खळखळून उकळ, मग मंद आच. लिंबू विसरू नकोस.

करून वाढ त्यांना. आणि पहिला घास तू घे.

ताई